पडक्या वास्तूंचा धन्वंतरी

पॅरिसची चित्रे असलेली पोस्टकार्डे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो शिंगे असलेला दगडी राक्षस आठवत असेल. नोत्र-दामच्या उंच सज्जाच्या कठड्यावर दोन्ही तळव्यांत हनुवटी टेकून, पंख मिटून, जीभ किंचित बाहेर काढून तो खालच्या शहराकडे पाहत बसलेला असतो. मध्ययुगातल्या भाविकांच्या मनातली भुतेखेते अशी दगडात उतरली, असे त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले जाते आणि ऐकणाराही मान डोलावतो. वस्तुतः मध्ययुगाचा व त्या राक्षसाचा काही संबंध नाही. तो आणि त्याचे सगळे भाऊबंद मिळून ५४ आकृती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका वास्तुविशारदाने कागदावर रेखाटल्या आणि कारागिरांकडून घडवून घेतल्या. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारी मकरमुखे पूर्वीपासून होती. पण हे राक्षस पाणी टाकत नाहीत की कशाचा भार पेलत नाहीत. ते तिथे असायला हवेत असे एका माणसाला वाटले, म्हणून ते तिथे आहेत.

त्या माणसाचे नाव युजेन एमान्युएल व्हियोले-ल-द्यूक. नाव लांबलचक आहे. पुढे नुसते व्हियोले म्हणू. फ्रान्सची प्राचीन वैभवस्थळे पाहायला जाणारा प्रवासी पॅरिसमध्ये असो, दक्षिणेकडच्या कार्कासोन या तटबंदीच्या शहरात असो, की बरगंडीतल्या व्हेझलेच्या टेकडीवर असो, तो जे पाहतो त्यातले बरेचसे या माणसाच्या हातचे असते, आणि बहुतेक वेळा प्रवाशाला त्याची गंधवार्ताही नसते.

व्हियोलेचा जन्म पॅरिसमध्ये २७ जानेवारी १८१४ रोजी झाला. नेपोलियनचे साम्राज्य कोसळण्याच्या बेतात होते. वडील सरकारी नोकर होते, पुढे राजवाड्यांच्या देखभालीचे काम त्यांच्याकडे आले. त्यांना जुन्या ग्रंथांचा नाद होता. आई युजेनी सुविद्य होती आणि तिच्या दिवाणखान्यात लेखक-कलावंतांची ऊठबस असे. मामा एत्येन देलेक्ल्यूझ हा चित्रकार दाव्हिदचा शिष्य. स्वतः चित्रे काढण्याचे सोडून तो कलासमीक्षक झाला होता. त्याच्या माडीवर रविवारी जी बैठक भरे तिच्यात स्टेंधालसारखी माणसे वाद घालीत बसत. अशा घरातल्या मुलाला शाळेपेक्षा घरीच अधिक शिकायला मिळाले असल्यास नवल नाही.

लहानपणची एक आठवण त्याने पुढे लिहून ठेवली आहे. घरचा म्हातारा गडी त्याला कडेवर घेऊन नोत्र-दाममध्ये गेला होता. बाहेरचे ऊन दक्षिणेकडच्या त्या प्रचंड चक्राकार रंगीत खिडकीतून आत उतरत होते. एवढ्यात ऑर्गन वाजू लागला. पोराला वाटले, ती खिडकीच गाते आहे. काही तावदाने जाड आवाजात, काही बारीक आवाजात. त्याला अशी धडकी भरली की त्याला बाहेर न्यावे लागले. त्या खिडकीची चौकट ढासळत्या अवस्थेत पुढे त्याच्याच हाती यायची होती.

१८३० च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, आणि रस्त्यात अडथळे रचणाऱ्यांमध्ये सामील होता. पण त्याचे खरे बंड निराळेच. वास्तुकला शिकायची तर त्या काळी एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेत जावे, ग्रीक-रोमन नमुने गिरवावेत, मोठे पारितोषिक मिळवून रोमला जावे आणि परत येऊन सरकारी कामे मिळवावीत, असा राजमार्ग होता. व्हियोलेने तिथे पाऊल टाकण्यास साफ नकार दिला. ही शाळा म्हणजे एकसारखे वास्तुविशारद ओतून काढणारा साचा आहे, असे त्याचे मत होते. मामाचा आणि त्याचा या बाबतीत खटका उडाला. शेवटी दोन अनुभवी वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांत बसून त्याने काम शिकून घेतले. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत आई गेली. १८३४ मध्ये त्याने एलिझाबेथ तांपिए हिच्याशी लग्न केले आणि त्याच सुमारास एका चित्रशाळेत नक्षीकाम शिकवण्याची नोकरी धरली.

१८३६ साली तो इटलीला निघाला आणि १८३७ पर्यंत तिकडेच होता. सरकारी शिष्यवृत्तीवर नव्हे, स्वतःच्या हिमतीवर. सिसिली, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. या प्रवासात त्याने शेकडो चित्रे काढली. रेखाटनाचा त्याचा हात विलक्षण होता. पुढे आयुष्यभर तो बोलण्याऐवजी काढून दाखवी. एखादी कमान कशी उभी आहे हे सांगायचे तर तो तिचे दगड हवेत एकमेकांपासून सुटे करून रेखाटी, म्हणजे कोणता दगड कोणत्या दगडावर कसा बसतो ते पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळे. आज यंत्रांच्या पुस्तकांत भाग सुटे करून दाखवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती त्याने वास्तूंना लावली. इटलीहून तो परतला तो मात्र रोमचा भक्त होऊन नव्हे. आपल्या देशातले गॉथिक काम रोमपुढे मुळीच उणे नाही, हा निश्चय घेऊन तो आला.

फ्रान्समध्ये त्या वेळी जुन्या वास्तूंची दशा काय होती, ते लक्षात घेतल्याशिवाय व्हियोलेचे मोल कळणार नाही. १७८९ नंतरच्या उलथापालथीत मठ आणि चर्चे राष्ट्राच्या मालकीची झाली, त्यातली पुष्कळशी विकली गेली, आणि विकत घेणाऱ्यांनी त्यांचा दगडाच्या खाणीसारखा उपयोग केला. कुठे कोठार झाले, कुठे तबेला. पॅरिसच्या नोत्र-दामच्या दर्शनी भागावर २८ राजांच्या मूर्तींची रांग होती. त्या बायबलमधल्या ज्यूडाच्या राजांच्या होत्या. पण राजा म्हटला की तो फ्रान्सचाच असणार, अशा समजुतीने क्रांतिकारकांनी १७९३ साली त्या खाली पाडल्या. त्यांतली २१ मुंडकी १९७७ मध्ये पॅरिसमधल्याच एका जुन्या वाड्याच्या आवारात खोदकाम करताना सापडली, आणि आता क्ल्यूनीच्या संग्रहालयात आहेत. मधल्या छेदावरचा तेराव्या शतकातला लाकडी सुळका तर क्रांतीच्या आगेमागेच धोकादायक म्हणून उतरवला गेला होता. १८०४ मध्ये नेपोलियनने इथेच स्वतःचा राज्याभिषेक करवून घेतला, तेव्हा पडक्या भिंती झाकण्यासाठी पडदे आणि खोटी सजावट करावी लागली.

१८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगोची नोत्र-दामवरची कादंबरी निघाली आणि लोकांना एकाएकी आपले देऊळ आठवले. सरकारही जागे झाले होते. ऐतिहासिक वास्तूंसाठी एक निरीक्षक नेमण्यात आला आणि १८३४ मध्ये ती जागा प्रॉस्पेर मेरिमे याच्याकडे आली. मेरिमे म्हणजे पुढे ‘कार्मेन’ लिहिणारा कथाकार. हा गृहस्थ घोडागाडीने साऱ्या देशभर हिंडला, उंदीर-घुशींच्या सराईत झोपला आणि प्रत्येक पडक्या चर्चचा अहवाल लिहून धाडत राहिला. देलेक्ल्यूझच्या बैठकीत त्याचे येणे-जाणे होते; भाचा त्याच्या नजरेतून सुटला नव्हता.

१८४० मध्ये मेरिमेने व्हेझलेच्या मादलेन चर्चचे काम या २६ वर्षांच्या तरुणाला दिले. ज्याच्या नावावर एकही मोठी इमारत नाही अशा पोराकडे, जिला हात लावायला अनुभवी माणसे कचरत होती अशी इमारत! १९४६ साली नव्हे, तब्बल सात शतकांपूर्वी, ११४६ मध्ये, संत बर्नार्डने दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली ती याच टेकडीवर. चर्चच्या भिंती छताच्या भाराने बाहेर झुकल्या होत्या, भेगांतून झाडे उगवली होती. व्हियोलेने आधी आधार ठोकले, मग कमानी एकेक करून सुट्या केल्या, हलक्या करून परत बसवल्या, बाहेरून तिरपे टेकू नव्याने बांधले. पुढची एकोणीस वर्षे हे काम चालले. चर्च वाचले, याविषयी दुमत नाही. पण त्याच वेळी एक गोष्ट घडली. मधल्या दालनाच्या काही भागावर नंतरच्या काळातले गॉथिक पद्धतीचे छत होते; बाकीच्या जुन्या छताशी ते जुळावे म्हणून ते काढून त्याने तिथे जुन्या धर्तीचे छत केले. म्हणजे इतिहासाने केलेला बदल त्याने पुसून टाकला. रोग बरा करताना वैद्याने रोग्याचे नाकडोळेही थोडे नीट करून द्यावेत, तसे हे झाले.

नोत्र-दामसाठी १८४२ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. झां-बातिस्त लास्यू आणि व्हियोले या दोघांनी मिळून योजना दिली आणि १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली. दुसऱ्या वर्षी संसदेने साडेसव्वीस लाख फ्रँकची रक्कम मंजूर केली. त्या योजनेसोबत १८४३ मध्ये दोघांनी जे निवेदन दिले ते आज वाचणाऱ्याला चकित करते. त्यात सगळा भर संयमावर आहे. जीर्णोद्धार करणाऱ्याने स्वतःला विसरावे, आपली आवड बाजूला ठेवावी, आधीच्या कारागिरांचे मन ओळखून त्यांच्या मागे मागे चालावे. उत्साहाच्या भरात केलेली दुरुस्ती ही शतकांच्या झिजेपेक्षा आणि दंगलखोरांच्या हातोड्यापेक्षा अधिक घातक ठरते, अशा आशयाचे ते लिहिणे आहे. हे एकोणतिसाव्या वर्षीचे व्हियोलेचे मत. हे लक्षात ठेवावे.

काम वीस वर्षे चालले. २८ राजे पुन्हा घडवले गेले. अठराव्या शतकात मिरवणुकीचे छत्र आत नेता यावे म्हणून मधल्या दरवाजाचा खांब आणि वरच्या कोरीव कामाचा काही भाग छाटण्यात आला होता, तो परत बसवला. दक्षिणेकडच्या त्या गाणाऱ्या खिडकीची चौकट वाकली होती. ती उतरवून नव्याने बांधताना त्याने सबंध चक्र १५ अंशांनी फिरवले, म्हणजे एक आरा बरोबर उभ्या रेषेत येऊन भार नीट पेलावा. मधल्या छेदाजवळच्या भिंती खरवडताना त्याला बाराव्या शतकातल्या गोल खिडक्यांच्या खुणा सापडल्या. त्या मूळ खिडक्या तेराव्या शतकातच बुजवून मोठ्या करण्यात आल्या होत्या. व्हियोलेने छेदालगतच्या दालनांत त्या पुन्हा उघडल्या. पुरावा खरा होता, शोध खरा होता. पण अर्धी रचना बाराव्या शतकाची आणि अर्धी तेराव्याची, असे ते चर्च मूळच्या गवंड्यांनी कधीही पाहिलेले नव्हते.

१८५७ मध्ये लास्यू वारला. तो दोघांत वयाने मोठा आणि हाताने जपून काम करणारा. आता व्हियोलेला आवरणारे कोणी उरले नाही. सुळक्याचा आराखडा त्याने नव्याने केला. जुन्यापेक्षा उंच, जुन्यापेक्षा नक्षीदार. ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि वरून शिशाचे पत्रे, अशी ही ९६ मीटर उंचीची रचना १८५९-६० मध्ये उभी राहिली. तिच्या पायथ्याशी तांब्याच्या सोळा मूर्ती बसल्या: बारा प्रेषित आणि चार शुभवर्तमानकारांची चिन्हे. शिल्पकार झोफ्र्वा-दशोम. सगळे प्रेषित शहराकडे पाहतात. फक्त एकाने, वास्तुविशारदांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत टॉमसने, पाठ फिरवून वर सुळक्याकडे मान केली आहे. आणि त्याचा चेहरा व्हियोलेचा आहे. १८४३ सालच्या त्या निवेदनातला स्वतःला विसरणारा कारागीर हाच, असे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही.

पण व्हियोलेचे समग्र दर्शन घ्यायचे तर पॅरिस सोडून दक्षिणेला, ओद नदीकाठच्या कार्कासोनला जावे. नदीच्या एका अंगाला खालचे शहर, दुसऱ्या अंगाला टेकडीवर तटबंदीचे जुने शहर. मधला चौदाव्या शतकातला दगडी पूल ओलांडून चढू लागले की एकामागे एक असे दोन तट आणि ५२ बुरूज दिसू लागतात. दोन्ही तट मिळून लांबी सुमारे तीन किलोमीटर. आतल्या तटाच्या पायथ्याशी नीट पाहिले तर लहान दगडांच्या रांगा आणि मध्ये विटांचे पट्टे दिसतात. ते रोमन काळाच्या अखेरचे काम. त्यावर व्हिसिगॉथांच्या राजवटीची स्मृती, त्यावर स्थानिक सरदारांचा किल्ला, आणि तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजाने शहर घेतल्यावर बांधलेला बाहेरचा तट. पूर्वेचा नार्बोन दरवाजा, दोन जाडजूड बुरुजांमध्ये दबलेला, याच राजवटीचा.

१६५९ साली स्पेनशी तह झाला, सरहद्द पिरेनीज पर्वतापर्यंत दक्षिणेला सरकली आणि एका रात्रीत या किल्ल्याचे प्रयोजन संपले. सरहद्द हलली म्हणजे माणसांचे आणि गावांचे काय होते, हे आपल्या भागातल्या वाचकांना निराळे सांगायला नको. श्रीमंत खालच्या शहरात उतरले. वर राहिले ते गरीब विणकर. त्यांनी दोन तटांमधल्या मोकळ्या पट्ट्यात भिंतींना टेकून घरे बांधली. लोक तटाचे दगड काढून नेऊ लागले. १८५० मध्ये सरकारने हे ठाणे लष्करी यादीतून काढून टाकले, म्हणजे तट पाडायला मोकळीक दिली. त्याविरुद्ध गावातल्याच एका इतिहासप्रेमी माणसाने, झां-प्येर क्रो-मेरव्हिए याने, आकाशपाताळ एक केले. मेरिमेने पॅरिसमधून जोर लावला. हुकूम मागे घेण्यात आला. व्हियोले १८४४ पासूनच इथल्या सां-नाझेर चर्चचे काम पाहत होता. १८५३ मध्ये तटांचेही काम त्याच्याकडे आले, आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत आणि त्यानंतरही चालू राहिले.

सां-नाझेर हे चर्च जरूर पाहावे. आत शिरताना जाड खांबांचे, अंधारे, जुन्या धर्तीचे दालन आणि पुढे एकदम रंगीत काचांनी उजळलेला गॉथिक भाग. दोन शतकांतले अंतर वीस पावलांत कापले जाते. याच चर्चच्या पश्चिमेच्या भिंतीला व्हियोलेने किल्ल्यासारखे दाते बसवले, कारण ती भिंत पूर्वी तटाचाच भाग असली पाहिजे असा त्याचा ग्रह झाला होता. तो ग्रह चुकीचा होता. दाते मात्र अजून आहेत.

सर्वांत मोठा वाद बुरुजांच्या छपरांचा. व्हियोलेने अनेक बुरुजांवर उंच, टोकदार, शंकूसारखी छपरे चढवली आणि ती काळसर पाटीच्या दगडाने शाकारली. हे रूप उत्तर फ्रान्सचे. दक्षिणेत ऊन फार, बर्फ नाही. तिथली छपरे बसकी आणि लाल कौलांची. उत्तरेतल्या राजाच्या माणसांनी हे बुरूज बांधले, तेव्हा छपरेही उत्तरेच्या पद्धतीची असणार, असा त्याचा युक्तिवाद. दक्षिणेतल्या लोकांना तो पटला नाही. पुढे विसाव्या शतकात रोमन काळातल्या काही बुरुजांवरची टोकदार छपरे काढून बसकी कौलारू केली गेली. त्यामुळे आज कार्कासोनच्या तटावरून चालताना एका बुरुजावर व्हियोलेचे मत दिसते आणि दुसऱ्यावर त्याच्या टीकाकारांचे. आणि विणकरांची ती घरे? ती कालांतराने हटवण्यात आली. आता त्या पट्ट्यात गवत आहे, आणि तिथे कोणी राहत होते हे सांगितल्याशिवाय कळत नाही. व्हियोलेवर टीका करणाऱ्यांनी छपरांवर जेवढी शाई खर्च केली आहे, तेवढी या घरांवर केलेली नाही, ही गोष्ट मला तरी खटकते.

इतकी बांधकामे चालू असताना हा माणूस लिहीत केव्हा असे, याचे आश्चर्य वाटते. अकराव्या ते सोळाव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुकलेचा त्याचा कोश १८५४ ते १८६८ या काळात दहा खंडांत निघाला, आणि त्यातली हजारो चित्रे त्याच्याच हातची. गॉथिक चर्च म्हणजे भक्तीचे धुके, ही त्या काळची कवी लोकांची समजूत त्याने मोडून काढली. त्याच्या मते ती एक तर्कशुद्ध रचना आहे. छताचा भार कमानींच्या फासळ्यांवर, फासळ्यांचा खांबांवर, बाहेर ढकलणारा जोर तिरप्या टेकूंवर. प्रत्येक दगडाला काम आहे आणि काम नसलेला दगड तिथे नाही. हे विवेचन वाचून पुढे स्पेनमधला गाउदी आणि अमेरिकेतला फ्रँक लॉइड राइट यांच्यासारखे लोक तयार झाले. लोखंडाचा असाच प्रामाणिक वापर करा, असे तो सांगे.

याच कोशाच्या आठव्या खंडात, १८६६ मध्ये, जीर्णोद्धार या शब्दाखाली त्याने आपली व्याख्या दिली, आणि तिने त्याचे नाव कायमचे बद्दू केले. वास्तूची निगा राखणे, डागडुजी करणे किंवा ती पुन्हा बांधणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. तिला अशा पूर्णावस्थेला नेणे, की जी अवस्था कदाचित कोणत्याही काळी प्रत्यक्षात नव्हती, हा जीर्णोद्धार, असा त्याचा आशय. तेवीस वर्षांपूर्वी मूळ कारागिराच्या मागे चालणारा माणूस आता त्याच्या पुढे निघून गेला होता.

आपल्याला ही व्याख्या ऐकून युरोपियनांइतका धक्का बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे पडके उतरवायचे आणि ऐपतीप्रमाणे नवे, अधिक चांगले उभारायचे. त्यात पुण्य आहे. दगडाचे वय कोणी विचारत नाही. काळ्या पाषाणाच्या खांबांवर ऑइलपेंटचा हात मारणाऱ्या पंचमंडळींना आपण इतिहास झाकतो आहोत असे वाटत नसते, देव नटवतो आहोत असे वाटत असते. पण व्हियोले भाविक नव्हता. देवावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. त्याची श्रद्धा रचनेवर होती, आणि अपुरी रचना त्याला डोळ्यांत खुपे. शिवाय त्याच्याजवळ ज्ञान होते. ज्याला मूळ कसे होते हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत, त्यालाच मूळ बदलण्याचा मोह सगळ्यांपेक्षा जास्त.

तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारात त्याचे वजन होते. सम्राटाने १८५७ मध्ये त्याला पियेरफाँचा पडका किल्ला दुरुस्त करायला सांगितले. आधी बेत एवढाच होता, की थोडा भाग राहण्यालायक करावा आणि बाकीचे अवशेष शोभेला ठेवावेत. पुढे सबंध किल्लाच उभा करायचे ठरले, आणि व्हियोलेने मध्ययुग कसे असायला हवे होते ते तिथे मनसोक्त बांधले. पण दरबारी वजनाने सारेच साधत नाही. १८६१ च्या पॅरिस ऑपेराच्या स्पर्धेत त्याचा आराखडा निवडलेल्या पहिल्या पाचांतही आला नाही. काम मिळाले शार्ल गार्निए या जवळजवळ अज्ञात तरुणाला. १८६३ मध्ये सरकारने एकोल दे बोझारची घडी बदलली आणि ज्या शाळेत त्याने पाऊल टाकले नव्हते तिथेच त्याला प्राध्यापक नेमले. १८६४ च्या जानेवारीत तो पहिल्या व्याख्यानाला उभा राहिला आणि विद्यार्थ्यांनी शिट्ट्या, आरोळ्या आणि प्राण्यांचे आवाज यांनी सभागृह दणाणून सोडले. हा सरकारने लादलेला माणूस आहे, हा त्यांचा आक्षेप. थोड्याच व्याख्यानांनंतर मार्चमध्ये त्याने राजीनामा दिला. जे बोलू दिले नाही ते त्याने छापले. शिट्ट्या वाजवणारे विस्मृतीत गेले आणि ती व्याख्याने जगभर वाचली गेली. अर्थात यावरून विद्यार्थ्यांचा आक्षेप खोटा ठरत नाही.

इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने या साऱ्या पद्धतीलाच विरोध केला होता. मेलेल्या माणसाला उठवता येत नाही तसेच गेलेल्या वास्तूलाही; तिची वेळेवर निगा राखा, आणि पडायची वेळ आली तर सन्मानाने पडू द्या, अशी त्याची भूमिका. विचार म्हणून हे उदात्त आहे. पण रस्किनचे ऐकले असते तर व्हेझले आज उभे नसते, कार्कासोनचा तट लोकांच्या घरांच्या पायांत गेला असता. उलट व्हियोलेचेच सर्वत्र ऐकले असते तर खरे जुने आणि नवे जुने यांतला फरकच उरला नसता. या दोघांत निवाडा करणे मला तरी जमलेले नाही.

१८७० च्या युद्धात प्रशियनांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा छप्पन्न वर्षांचा व्हियोले लेफ्टनंट कर्नल म्हणून खंदक आणि मोर्चे बांधण्याच्या कामावर होता. साम्राज्य गेले, मेरिमेही त्याच वर्षी वारला. व्हियोले प्रजासत्ताकाच्या बाजूने झाला आणि १८७४ मध्ये पॅरिसच्या नगरपरिषदेवर निवडून आला. पण आता त्याचे मन डोंगरात रमले होते. १८६८ पासून आठ उन्हाळे त्याने माँ-ब्लाँच्या पर्वतराजीत काढले. हिमनदीच्या भेगेत पडून एकदा मरतामरता वाचला. १८७६ मध्ये त्याने त्या पर्वताचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला, तोही वास्तुविशारदाच्या नजरेने. पर्वत म्हणजे त्याला एक अवाढव्य पडकी इमारत दिसली, आणि झिजण्यापूर्वी ती कशी असेल हे तो रेखाटून दाखवू लागला! स्वभावाला औषध नाही. याच काळात शिल्पकार बार्तोल्दी अमेरिकेसाठी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा करीत होता. तांब्याचे पत्रे ठोकून बाह्यांग घडवावे ही कल्पना आणि आतल्या आधाराची पहिली योजना व्हियोलेची. त्याच्या मृत्यूनंतर ते काम गुस्ताव्ह आयफेलकडे गेले आणि आत लोखंडी सांगाडा आला.

शेवटची वर्षे त्याने स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी काढली. तिथल्या कॅथीड्रलची दुरुस्ती त्याच्याकडे होती. राहण्यासाठी त्याने स्वतःच एक घर बांधले. १७ सप्टेंबर १८७९ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्याच घरात त्याचा मृत्यू झाला आणि लोझानमध्येच त्याला पुरण्यात आले. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे वाचवणाऱ्या या माणसाचे ते घर १९७५ मध्ये पाडण्यात आले.

त्याच्या पश्चात बराच काळ त्याचे नाव घेताच अभ्यासक नाक मुरडीत. १९६४ साली व्हेनिसमध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी जी सनद केली, तिच्यात जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि प्रत्येक काळाने वास्तूत घातलेली भर मानली पाहिजे, असे ठरले. ही सनद म्हणजे व्हियोलेच्या व्याख्येला दिलेले उत्तरच होते. तुलूझ शहरातल्या सां-सेर्नां चर्चच्या छतावर त्याने केलेले काम विसाव्या शतकाच्या अखेरीस काढून टाकून चर्च त्याच्यापूर्वीच्या रूपात आणण्यात आले. जीर्णोद्धाराचाच जीर्णोद्धार! पण १९९७ मध्ये कार्कासोनचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा त्याच्या महत्त्वाच्या कारणांत व्हियोलेने केलेली दुरुस्ती हेही एक कारण नोंदले गेले. ज्या कामाला खोटे म्हटले जात होते ते आता स्वतःच इतिहास झाले होते.

आणि मग १५ एप्रिल २०१९ ची संध्याकाळ आली. नोत्र-दामच्या छपराला आग लागली. तेराव्या शतकातल्या ओकच्या तुळयांचे ते रान पेटले आणि आठ वाजायच्या आतच व्हियोलेचा सुळका मधोमध मोडून छत फोडत खाली कोसळला. साऱ्या जगाने ते पाहिले. पुलांवर उभे राहून लोक रडले. आणि ज्याच्या पडण्याने रडले तो सुळका ताजमहालापेक्षा दोनशे वर्षांनी लहान होता. दुसऱ्याच दिवसापासून वाद पेटला. पंतप्रधानांनी नव्या सुळक्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली; कोणी काचेचा सुचवला, कोणी छतावर बाग सुचवली. गंमत अशी, की व्हियोलेची व्याख्या मानली असती तर नवा, या काळाचा सुळका बांधायला हरकत नव्हती. व्हेनिसची सनद मानणारेच त्याचा जुना सुळका मागू लागले. जुलै २०२० मध्ये निर्णय झाला: जसा होता तसाच. सुमारे दोन हजार ओक तोडण्यात आले, मागच्या शतकांतली सुतारकी पुन्हा गिरवण्यात आली, आणि व्हियोलेची रेखाटने समोर ठेवून सुळका तंतोतंत उभा करण्यात आला. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र-दामचे दरवाजे परत उघडले.

तांब्याच्या त्या सोळा मूर्ती मात्र आगीत नव्हत्या. दुरुस्तीसाठी ११ एप्रिलला, आगीच्या चारच दिवस आधी, क्रेनने त्या एकेक करून खाली उतरवल्या होत्या. सुळका कोसळला त्या रात्री व्हियोलेच्या चेहऱ्याचा तो संत टॉमस नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, पेरिग्यूजवळच्या एका कार्यशाळेत, दुरुस्तीची वाट पाहत होता.